नखावरचा पांढरा ठिपका आणि कॅल्शियम

नखांवर पांढरे ठिपके दिसले की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "कॅल्शियम कमी झालंय, दूध पी." दूध जरूर प्यावं, पण ठिपक्यांसाठी नको. नखात कॅल्शियम नाममात्रच असतं. त्याचा टणकपणा केराटिन या प्रथिनाचा, आणि केराटिनचे धागे एकमेकांना जखडून ठेवतात ते गंधकाचे बंध.

नख घडतं कातडीखाली दडलेल्या नखमुळात. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी दिसणारी फिकट चंद्रकोर म्हणजे त्याचंच बाहेर डोकावणारं टोक. तिथे नव्या पेशी जुन्यांना पुढे रेटत राहतात. सरकता सरकता प्रत्येक पेशी चपटी होते, केराटिनने ठासून भरते, स्वतःचं केंद्रक गमावते आणि मरते. अशा केंद्रकहीन पेशींच्या घट्ट थरांतून प्रकाश आरपार जातो, म्हणून खालच्या रक्ताचा गुलाबी रंग दिसतो. नखमुळाला किरकोळ मार लागला, की काही पेशी अर्धवट घडलेल्या, केंद्रकासकटच पुढे ढकलल्या जातात. तिथे प्रकाश विखुरतो आणि ठिपका पांढरा दिसतो. बोटाचं नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं (पायाचं त्याच्या निम्मं), त्यामुळे ठिपका वर येईपर्यंत मार कधी लागला ते आठवतही नाही.

मोठ्या आजारात नखमुळाचं काम काही दिवस मंदावतं किंवा थांबतंच. मग नखावर आडवी खाच उमटते. फ्रेंच डॉक्टर बो यांनी १८४६ मध्ये तिचं वर्णन केलं. खाच कातडीच्या कडेपासून ६ मिलिमीटरवर असेल, तर आजार साधारण दोन महिन्यांपूर्वीचा, किंवा थोडा आधीचा. कारण नखमुळापासून कडेपर्यंतचा प्रवास आपल्याला दिसत नाही. खाच एकाच नखावर असेल तर बहुधा मार, अनेक नखांवर सारख्याच अंतरावर असेल तर ताप किंवा तसंच काही. विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरांनी तर स्वतःच्या अंगठ्याचं नख ३५ वर्षं मोजलं: वयाच्या ३२व्या वर्षी वाढ रोज ०.१२३ मिलिमीटर, ६७व्या वर्षी ०.०९५.

केस वाढावेत म्हणून बागेत नखांवर नखं घासणाऱ्यांना सांगायला हवं, की नखमुळापासून केसांच्या मुळांकडे जाणारी कुठलीही खास नस नाही.

चमच्यासारखी खोलगट नखं दिसली तर लोहाची तपासणी करावी. बोटांची टोकं फुगून नखं घुमटासारखी झाली तर फुप्फुसं आणि हृदय तपासून घ्यावं. सावळ्या लोकांच्या नखांवर काळसर उभ्या रेघा अनेकदा निरुपद्रवी असतात. पण एकाच नखावर नव्याने आलेली, रुंदावत जाणारी रेघ त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावी, आणि जाताना नेलपॉलिश काढून जावं.