केडगावच्या ‘मुक्ती’ला कायम ठेव का नव्हती?

पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी उभारलेलं मुक्ती सदन विधवांचं, परित्यक्तांचं आणि दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींचं घर म्हणून बहुतेकांना ठाऊक असतं. या घराचा खर्च कसा चालायचा, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. १९०७ साली रमाबाईंनी इंग्रजीत एक छोटं आत्मकथन लिहिलं. त्याच्या शेवटी संस्थेची आर्थिक स्थिती दिली आहे. रोजच्या गरजेपलीकडे एक पैही शिल्लक नाही, बँकेत कुठे खातं नाही, कायम निधी नाही, कुठल्याही माणसाकडून ठरलेलं उत्पन्न नाही. त्यामुळे कुणाला भ्यायचं कारण नाही आणि गमवायलाही काही नाही. देव हाच आपला अक्षय ठेवा, असं त्या म्हणतात.

एके काळी हजाराहून जास्त माणसं ज्या आवारात रोज जेवत होती, त्या आवाराच्या चालिकेनं हे लिहिलं आहे. आजच्या कुठल्याही विश्वस्ताला हे वाचून घाम फुटेल. पण याला भाबडी श्रद्धा म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण अमेरिकेतल्या देणगीदारांना वर्षानुवर्षं जमाखर्च कळवणारी ही बाई होती. त्यांच्या या भूमिकेमागे ख्रिस्ती परंपरेतला फार जुना वाद आहे: पैसा साठवून माणूस सुरक्षित होतो का?

लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात तो वाद अगदी घरगुती कारणावरून सुरू होतो. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. येशू निवाडा करायला नकार देतो आणि एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. शेत उत्तम पिकलं, माल ठेवायला जागा पुरेना, म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं त्यानं ठरवलं. आता बरीच वर्षं पुरेल, खा, पी, मजा कर, असं तो स्वतःच्याच जिवाला सांगतो. त्याच रात्री त्याला मरण येतं. या माणसानं कुणाला लुबाडलं, असं गोष्टीत कुठे म्हटलेलं नाही. पीक त्याच्याच शेतातलं होतं. मात्र सगळ्या गोष्टीत तो फक्त स्वतःशीच बोलतो; शेजारी, मजूर, भुकेला कुणीही त्याच्या बोलण्यात येत नाही.

यहुदी परंपरेतली मान्नाची कथाही याच वळणाची. वाळवंटात भटकणाऱ्या इस्राएली लोकांना रोज सकाळी जेवढ्यास तेवढं अन्न मिळायचं आणि उद्यासाठी ठेवलं की त्यात किडे पडायचे. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या वाराच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची आज्ञा होती आणि ते टिकायचंही. हा अपवाद पुढच्या सगळ्या वादात महत्त्वाचा आहे. तरतूद करणं पाप नाही. मग तरतूद संपून साठेबाजी कुठे सुरू होते? ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं दर रविवारी म्हणणाऱ्या मंडळींना या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक शतकात नव्यानं शोधावं लागलं.

पहिली तीन शतकं चर्च छळाखाली आणि बहुतांशी साध्या माणसांचं होतं. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइननं चर्चला मृत्युपत्रानं मालमत्ता स्वीकारायचा अधिकार दिला आणि चित्र पालटलं. जमिनी येऊ लागल्या, त्यांचं उत्पन्न येऊ लागलं. ज्याला आपण कायम निधी म्हणतो, त्याची ख्रिस्ती इतिहासातली सुरुवात साधारण इथून धरता येईल. त्या आधीच, २७० च्या सुमारास, इजिप्तमधल्या अँटनी नावाच्या तरुणानं ‘सर्व विकून गरिबांना दे’ हे वचन ऐकून वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली आणि वाळवंटाची वाट धरली होती.

आशिया मायनरमधल्या कॅपॅडोशियात ३६८-६९ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तेव्हा तिथला धर्मगुरू बेसिल यानं कोठारं पाडणाऱ्या त्याच शेतकऱ्यावर प्रवचन केलं. त्याचा रोख गावातल्या धान्यदारांवर होता. तुझ्या घरात पडून असलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीतला अंगरखा उघड्याचा आहे, असं तो तोंडावर सांगत होता. नुसतं सांगून तो थांबला नाही. अन्नछत्र काढलं आणि पुढे सीझरिया शहराबाहेर आजारी, निराश्रित आणि प्रवाशांसाठी मोठी वसाहत उभी केली. ती वसाहत चालवायला मात्र पैसा, जागा, माणसं सगळंच लागलं. साठ्याविरुद्ध बोलणाऱ्यालाच पुढे साठा सांभाळावा लागतो, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

मठांनी त्यावर तोडगा काढला: साधूनं स्वतः काही बाळगायचं नाही, मालकी मठाची. काही पिढ्यांत निष्कांचन साधूंचे मठ युरोपातले बडे जमीनदार झाले. तेराव्या शतकात असिसीच्या फ्रान्सिसनं या तोडग्यालाच हात घातला आणि आपल्या बंधूंना पैसा हातात घ्यायलाही मनाई केली. फ्रान्सिसबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मुक्तीच्या संदर्भात मला त्याच्यापेक्षा क्लारा जवळची वाटते.

क्लारा असिसीच्याच सरदार घराण्यातली. सान दामियानोच्या लहानशा मठात ती आणि तिच्या भगिनी राहत. पुरुष साधू दारोदार भिक्षा मागू शकत होते. बंद मठात राहणाऱ्या बायकांचं काय? पोप नववे ग्रेगरी यांना खरोखरच काळजी वाटत होती. मठाला काही जमीन, काही उत्पन्न घ्या, असा त्यांचा आग्रह होता. क्लारानं नकार दिला आणि उलट एक लेखी सवलत मागून घेतली: मालमत्ता घेण्याची सक्ती आमच्यावर कुणी करू नये. इतर मठ पोपकडे जमिनीचे हक्क मागत आणि ही बाई जमीन नसण्याचा हक्क मागत होती. १२२८ मध्ये तो मिळाला. पुढे तिनं स्वतः नियमावली लिहिली आणि त्यात हाच मुद्दा घातला. तिला पोपची मान्यता ९ ऑगस्ट १२५३ ला मिळाली. ११ ऑगस्टला क्लारा गेली. बायकांच्या संस्थेला आधार म्हणून मालमत्ता हवीच, असं त्या काळी भल्या माणसांनाही वाटत होतं. त्या आधारासोबत देणाऱ्याचा शब्दही घरात येतो, हे क्लाराला कळलं असावं.

धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट देशांत भिक्षेला पुण्य मानणं बंद झालं. कष्ट, काटकसर आणि गावच्या सामाईक पेटीतून गरिबांची सोय ही रीत रुजली. जर्मनीतल्या हाले शहरात ऑगस्ट हेरमान फ्रांके यानं १६९५ मध्ये दानपेटीत सापडलेल्या चार टालर सोळा ग्रोशनवर गरीब मुलांची शाळा सुरू केली. तिचं पुढे प्रचंड अनाथालय झालं. देव पुरवतो, असं फ्रांके सांगत असे. त्याच वेळी संस्थेचं औषधालय आणि छापखाना जोरात चालत होते. याच हालेतून १७०६ मध्ये पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरले.

हालेतच शिकलेला जॉर्ज म्यूलर इंग्लंडला गेला. १८३० मध्ये त्यानं चर्चकडून मिळणारा ठरावीक पगार सोडला. फ्रांकेचं चरित्र वाचल्यावर १८३६ साली त्यानं ब्रिस्टलमध्ये भाड्याच्या घरात अनाथ मुलींसाठी आश्रम काढला. १८७० पर्यंत गावाबाहेर पाच मोठ्या इमारती झाल्या आणि त्यांत दोन हजारांहून जास्त मुलांची सोय झाली. त्याचे नियम थोडे आणि कडक होते: कर्ज काढायचं नाही, माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, गरज फक्त देवाला सांगायची. आलेली पै न पै मात्र वहीत नोंदवायची आणि दर वर्षी अहवाल छापायचा. टीकाकारांचं म्हणणं, हा अहवालच सर्वांत चांगली जाहिरात. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण अहवाल छापला नसता, तर हिशेब लपवला म्हणून हेच टीकाकार ओरडले असते.

या म्यूलरचं पुस्तक, चीनमध्ये काम करणाऱ्या चायना इनलँड मिशनची हकिकत आणि जॉन पेटन या मिशनऱ्याचं चरित्र रमाबाईंच्या वाचनात आलं. हिंदुस्थानात असं नुसत्या विश्वासावर जगता येईल का, असा प्रश्न त्यांना पडल्याचं त्यांनी स्वतःच लिहिलं आहे.

त्यांना तो प्रश्न पडण्याला एक खासगी इतिहास होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी कर्नाटकातल्या गंगामूळच्या अरण्यात घर बांधलं होतं, शेती होती. यात्रेकरूंचं आदरातिथ्य आणि कर्ज यांत ते सगळं गेलं आणि कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागलं. १८७४ च्या सुमाराला दक्षिणेत उपासमार आली, तेव्हाही जवळचा पैसा, दागिने, भांडी दानधर्मात जात राहिली. देव प्रसन्न होईल आणि गेलेलं परत देईल, अशी आशा होती. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात पाणी आणि पाला यांवर अकरा दिवस निघाले. आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. उरलेली रमा आणि तिचा भाऊ पायी उत्तरेला गेले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे खणून दोघांनी मानेपर्यंत स्वतःला पुरून घेतलं आणि रात्र काढली.

ज्या बाईनं हे भोगलं, तिनं पुढे भरभक्कम ठेव जमवायचा ध्यास घेतला असता, तर कुणी नवल केलं नसतं. आधी तसंच काहीसं झालंही. १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं खर्च उचलायचं मान्य केलं. त्या आधारावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी पुण्याला गेली. दहा वर्षं संपल्यावर काय, ही चिंता रमाबाईंना होतीच. त्यांनी केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली आणि फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालेल, असा हिशेब होता. लूकमधल्या शेतकऱ्याच्या कोठाराहून ही बाग फार वेगळी नव्हती, असं कुणी म्हटलं तर ते पूर्ण चूक ठरणार नाही. फरक एवढाच, की झाडं फळाला येण्याआधीच शेजाऱ्याची भूक दारात आली.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या मुलींमध्ये त्यांना स्वतःची तिरुपतीची अवस्था दिसली. असोसिएशनचा पैसा शारदा सदनासाठी ठरलेला होता. नव्या मुलींसाठी कुणाचंही आश्वासन नव्हतं. तरी त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, त्यामुळे मुलींना केडगावच्या शेतावर हलवावं लागलं. मुक्ती उभी राहिली ती अशी. १९०० मध्ये गुजरातेतला दुष्काळ आला आणि संख्या आणखी वाढली.

वडिलांनीही सगळं दिलं, लेकीनंही सगळं दिलं, मग वेगळं काय झालं? माझ्या मते दोन गोष्टी. वडिलांच्या दानामागे परतफेडीची अपेक्षा होती. आणि अंगमेहनत ही आपल्यासारख्यांना कमीपणा आणणारी, अशी त्या कुटुंबाची समजूत होती. रमाबाईंनी पुढे ती स्वच्छ शब्दांत मान्य केली आहे. मुक्तीत कमीपणाचं काम असं काही ठेवलंच नाही. विणकाम, छापखाना, तेलाचा घाणा, गाईगुरं, शेती, स्वयंपाक, सगळं मुली आणि बायाच करत. कोरड्या मुलखात विहिरी खणल्या. उद्याची ठेव नव्हती, पण उद्याचं काम आणि ते करायचं कसब होतं. हे कसब धरलं, तर ‘आमच्याकडे काही नाही’ हे विधान थोडं तपासूनच घ्यावं लागतं. शिवाय संस्थेची पत्रकं परदेशात जात होती आणि तिथून देणग्या येत होत्या. म्हणजे म्यूलरवरचा आक्षेप इथेही लागू पडतो. १८९८ नंतर शारदा सदनाला अमेरिकेतली मदतही चालू राहिली होती. पण बागेची ठेव मनात धरून बसलेली बाई भुकेच्या वेळी ती ठेव खर्चायला तयार झाली, हे खरं आहे. बेसिलनं सीझरियाच्या धान्यदारांकडून याहून जास्त काही मागितलं नव्हतं.

याच काळात अहमदनगरच्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ही गोष्ट दुसऱ्या टोकाला नेली. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. परदेशी पगारावर जगणारा प्रचारक देशबांधवांना आपला वाटत नाही, हे त्यांचं एक कारण होतं. टिळकांच्या हातात पैसा कसा टिकत नसे, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. तिथे दुसरी बाजूही दिसते: एकानं उद्याची चिंता देवावर सोडली की चुलीची चिंता घरातल्या दुसऱ्या कुणावर तरी पडते. लक्ष्मीबाई ती विनोदानं सांगतात, म्हणून ती कमी होत नाही. चर्चच्या इतिहासात या दुसऱ्या माणसाची नोंद फार थोड्यांनी ठेवली आहे.

टिळक मे १९१९ मध्ये वारले. केडगावला रमाबाईंनी आपल्यामागे मुक्ती सांभाळण्यासाठी मुलगी मनोरमा हिच्याकडे पाहिलं होतं. ती १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या. संस्था बंद पडली नाही; केडगावात ती आजही चालू आहे.