शिलावरण आणि दुर्बलावरण: खडक तोच, वागणं वेगळं

भूकवच, प्रावरण, गाभा इथपर्यंत सगळ्यांचं पाठ असतं. गोंधळ पुढे होतो. शिलावरण म्हणजेच भूकवच आणि त्याच्याखाली लाव्हारसाचा समुद्र, असं अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दोन्ही चूक.

भूकवच आणि प्रावरण वेगळे ठरतात ते खडकाच्या प्रकारावरून. ही सीमा, म्हणजे मोहो, आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांनी १९०९ च्या क्रोएशियातल्या भूकंपाच्या नोंदींवरून हुडकली. खंडांखाली ती साधारण ३० ते ४० किमीवर असते, सागरतळाखाली जेमतेम ६-७ किमीवर.

शिलावरण आणि दुर्बलावरण (ॲस्थेनोस्फिअर) ही वाटणी मात्र खडक कसा वागतो यावरची. शिलावरणात अख्खं भूकवच येतंच, शिवाय प्रावरणाचा वरचा कडक पट्टाही येतो. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी १०० किमीच्या आसपास. फार जुन्या खंडांखाली २०० च्या घरात. त्याखाली दुर्बलावरण. हे नाव जोसेफ बॅरेल यांनी १९१४ मध्ये दिलं. या दोघांच्या सीमेच्या वर पेरिडोटाइट (प्रावरणाचा मुख्य खडक), खालीही पेरिडोटाइटच! फरक मुख्यतः उष्णतेचा. १,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास खडक वितळण्याच्या उंबरठ्यावर येतो आणि नरमतो. गुळाची गार ढेप फोडावी लागते, तीच ऊब लागली की दाबाखाली पसरते, तसं काहीसं.

पण नरम म्हणजे पातळ नव्हे. दुर्बलावरण द्रव असतं तर भूकंपाचे एस तरंग (जे द्रवातून जाऊच शकत नाहीत) तिथेच अडले असते, जसे ते बाह्य गाभ्यापाशी अडतात. इथे ते नुसते मंदावतात. वितळलेला अंश असलाच तर खनिजकणांच्या फटींत, तोही अगदी थोडा. म्हणूनच ‘अर्धद्रव’ हा शब्द मला फारसा पटत नाही. त्याने लगेच चिखल डोळ्यासमोर येतो.

हा घन खडक वाहतो, हे बघायचं तर स्वीडनला जावं. हिमयुगात तिथे सुमारे ३ किमी जाड बर्फ होता. त्या ओझ्याने शिलावरण वाकलं आणि खालचा नरम खडक बाजूला सरकला. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, तरी तो खालचा खडक अजून परत येतोय आणि जमीन उचलली जातेय. स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या बोथनियाच्या आखातात वर्षाला जवळजवळ १ सेंमी. १७३१ मध्ये आंदेर्स सेल्सिअस यांनी (हो, तापमापकवालेच) स्वीडनमधल्या येवले (Gävle) शहराजवळच्या एका बेटावर समुद्राची पातळी दाखवणारी खूण खडकात कोरली. समुद्रच आटतोय, असं त्यांना वाटत होतं. आज ती खूण पाण्याच्या सुमारे २ मीटर वर आहे.

वरचा गार खडक ताण असह्य झाला की तुटतो. १९६७ चा कोयनेचा भूकंप अशाच उथळ, कडक खडकातला. आणि ‘भूकवचाचे तुकडे सरकतात’ हे वाक्यही सुधारून घ्यावं: भूपट्ट हे शिलावरणाचे तुकडे असतात. भारतीय भूपट्ट वर्षाला ४-५ सेंमी ईशान्येकडे सरकतो, तेव्हा मोहोच्या खालचा कडक थरही त्याच्यासोबतच जातो.