बलिदान नेमकं कशाचा पुरावा?

श्रद्धेसाठी माणूस जीव देतो, म्हणजे ती श्रद्धा खरीच असणार, असं अनेकदा म्हटलं जातं. ते तपासून पाहू. 1633 च्या ऑक्टोबरात जपानमधल्या नागासाकी शहरात काही ख्रिस्ती धर्मगुरूंना पाय वर, डोकं खाली असं एका खड्ड्यात लटकवण्यात आलं. डोक्यात रक्त साचून माणूस लवकर दगावू नये म्हणून आधी बारीकशी चीर दिलेली असे. शिक्षेचा हेतू जीव घेणं हा नव्हताच, 'सोडला धर्म' एवढं कबूल करून घेणं हा होता. त्या लटकवलेल्यांत क्रिस्तोवाँव फेरेरा होता. पोर्तुगीज, जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचा जपानमधला प्रमुख, वीसहून जास्त वर्षं तिथे मुरलेला. काही तासांतच तो शरण आला. शेजारीच नाकाउरा जुलियन हा जपानी धर्मगुरू होता. लहानपणी गोव्यामार्गे थेट रोमपर्यंत जाऊन पोपला भेटून आलेल्या चार मुलांपैकी हा एक. आता वय साठीच्या पुढे. तो मात्र तीनेक दिवस तसाच लटकत राहिला आणि तिथेच मेला.

दोघांचा धर्म एकच, ग्रंथ एकच, छळही एकच. मग नाकाउराच्या मरणाने ख्रिस्ती धर्म खरा ठरतो म्हटलं, तर फेरेराच्या शरणागतीने तो खोटा ठरला म्हणायचं का? तसं कुणी म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मग हिशोबाच्या एकाच बाजूची नोंद ठेवून कसं चालेल?

विज्ञानात पुराव्याला एक साधा प्रश्न विचारतात: दावा खोटा असता, तरीही हे असंच दिसलं असतं का? उत्तर 'हो' आलं, तर तो पुरावा त्या दाव्यासाठी निकामी. बलिदानाच्या बाबतीत हे तपासायला इतिहासात साहित्य भरपूर आहे. नागासाकीतच 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून 26 जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत वसईला जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. वसईजवळ गास गावात त्यांच्या नावाचं चर्च आहे. पण त्याच जपानात, अवघ्या पाव शतकापूर्वी, मेल्यावर अमिताभ बुद्धाच्या सुखावती नावाच्या स्वर्गलोकात जाऊ असा भरवसा ठेवून हजारो इक्को-पंथीय बौद्ध ओदा नोबुनागा या सरदाराच्या फौजेपुढे मेले होते. ते हातात शस्त्र घेऊन लढत होते, गार्सिया निःशस्त्र होते. हा फरक मोठा आहे. मरणाची तयारी मात्र दोन्हीकडे होती. आणि मेल्यानंतर काय होतं याबद्दलची दोन्हींची सांगणी एकाच वेळी खरी असणं कठीण.

यावर नेहमीचा सवाल येतो: परलोकाची खात्री असल्याशिवाय कोण एवढ्या शांतपणे मरेल? भगतसिंग. 23 मार्च 1931 रोजी फासावर जाण्याआधी आपण नास्तिक का आहोत हे त्यांनी सविस्तर लिहून ठेवलं होतं. ते नास्तिकतेसाठी मेले नाहीत, स्वातंत्र्यासाठी मेले. पण परलोकाच्या आशेशिवायही तेवढं धैर्य येतं, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

तरी बलिदानाचा पुरावा शून्य किमतीचा आहे असं मी म्हणणार नाही. एक शंका तो बऱ्यापैकी मिटवतो: हा माणूस ढोंगी होता का? जाणूनबुजून खोटं बोलणारा सहसा जीव द्यायच्या आधी माघार घेतो. पण लबाडी आणि चूक या दोन वेगळ्या गोष्टी. मार्च 1997 मध्ये कॅलिफोर्नियात 39 जणांनी एकत्र जीव दिला. हेल-बॉप धूमकेतूच्या मागून एक यान येत आहे आणि ते आपल्याला घेऊन जाईल, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. धूमकेतूमागे यान नव्हतं.

मग माणसं मरायला तयार कशी होतात? मानववंशशास्त्रज्ञ हार्वी व्हाइटहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये लिबियात हुकूमशहा गद्दाफीविरुद्ध लढणाऱ्या 179 जणांना गाठलं. त्यांना वर्तुळांची चित्रं दाखवली: एक वर्तुळ म्हणजे तुम्ही, दुसरं म्हणजे तुमचा गट. काही चित्रांत दोन्ही वर्तुळं दूर, काहींत थोडी एकमेकांवर, शेवटच्या चित्रात छोटं वर्तुळ मोठ्याच्या पूर्ण पोटात. घरच्यांशी बहुतेकांनी स्वतःला असंच एकरूप दाखवलं, आणि तुकडीतल्या सोबत्यांशीही. एकच निवडा म्हटल्यावर आघाडीवर लढलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी घर सोडून तुकडी निवडली. मागे राहून मदत करणाऱ्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. म्हणजे सिद्धांत पटणं ही एक गोष्ट, आणि सोबत हालअपेष्टा सोसलेल्यांशी जीव जडणं ही दुसरी. मरणाच्या दारात ही दुसरी फार जोर करते.

पाहणाऱ्यावर बलिदानाचा एवढा पगडा का बसतो, याचं एक उत्तर मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक यांनी 2009 मध्ये मांडलं. माणूस बहुतेक ज्ञान दुसऱ्याकडून शिकतो, त्यामुळे फसवलं जाण्याचा धोका कायमचा. पावसाळ्यात अनोळखी अळंबी आणून कुणी 'खा, चांगली असते' म्हणालं, तर आपण आधी तो स्वतः खातो का ते बघतो. बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले! उत्क्रांतीत हा निकष उपयोगी पडला असणार, कारण अळंबी विषारी आहे की नाही हे, उशिरा का होईना, खाणाऱ्याकडे पाहून कळतं. परलोकाच्या बाबतीत मात्र पुढे काय झालं ते सांगायला कुणी परत येत नाही, आणि आपलं मन तोच निकष तिथेही लावून मोकळं होतं.

जपानच्या राज्यकर्त्यांना हे अनुभवातून कळलं. 1622 मध्ये नागासाकीत 55 ख्रिस्ती लोकांना जाहीरपणे मारलं तेव्हा मोठा जमाव लोटला होता, आणि अशा मेलेल्यांचे अवशेष लोक श्रद्धेने जपू पाहत. नवे हुतात्मे घडवणं परवडत नाही, धर्म सोडणारे घडवायला हवेत, हे पुढे धोरणच झालं. खड्डा आला तो त्यातूनच. ख्रिस्त-मेरीच्या चित्रांवर पाय ठेवायला लावण्याची सक्ती आली. शरण आलेल्या फेरेराला जपानी नाव देऊन ख्रिस्ती धर्माविरुद्ध पुस्तक लिहायला लावलं गेलं. रक्ताचा शिडकावा झाला की श्रद्धा फोफावते, हे रोमच्या साम्राज्यापासून ऐकू येणारं मत जपानमध्ये खरं ठरलं नाही.

पण तिथला ख्रिस्ती धर्म साफ पुसलाही गेला नाही. मार्च 1865 मध्ये नागासाकीत नव्याने बांधलेल्या चर्चमध्ये आसपासच्या खेड्यातली काही माणसं आली आणि आम्हीही तुमच्याच श्रद्धेचे आहोत, असं त्यांनी फ्रेंच पाद्र्याला हळूच सांगितलं. पाद्र्यांशिवाय, गुपचूप, दोनशेहून अधिक वर्षं त्यांच्या घराण्यांनी श्रद्धा जपली होती. ही घराणी हुतात्म्यांची नव्हती. चित्रावर पाय ठेवून जीव वाचवलेल्यांची होती, आणि जीव वाचला म्हणून त्यांची श्रद्धा खोटी होती असंही म्हणता येत नाही.