शेजारच्या चॅनलचा सिग्नल दिसतोय? केबल बदलू नका

सेन्सरची मापं घेणाऱ्या बोर्डाच्या मोकळ्या चॅनलवर (काहीच न जोडलेल्या इनपुटवर) शेजारचा सिग्नल दिसला की केबलच्या शील्डिंगला, म्हणजे बाहेरचे सिग्नल अडवणाऱ्या आवरणाला, दोष द्यायचा, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. बिचारे विद्यार्थी महागड्या केबल आणतात आणि फरक शून्य!

बहुतेक स्वस्त बोर्डांवर सगळ्या चॅनलना मिळून एकच एडीसी (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग) असतो. मल्टिप्लेक्सर नावाचा स्विच त्याला आळीपाळीने चॅनल जोडतो. एडीसीच्या आतल्या कपॅसिटरवर आधीच्या चॅनलचा चार्ज उरतो आणि पुढच्या चॅनलच्या मापात दिसतो. अर्डुइनो उनोच्या एटमेगा३२८पी चिपमध्ये हा कपॅसिटर जेमतेम १४ पिकोफॅरडचा, तरी डेटाशीट (चिपचं माहितीपत्रक) सांगते की सिग्नल देणाऱ्या स्रोताचा रोध १० किलोओहमच्या आसपास किंवा कमी ठेवा. मोकळ्या पिनवर तर त्या चार्जला जायला वाटच नसते. ती ग्राउंड करा. सेन्सरचा रोध जास्त असेल तर मध्ये ऑप-अँप बफर (सिग्नल तोच ठेवून स्रोताचा रोध कमी करणारं सर्किट) लावा. स्कॅनचा, म्हणजे चॅनल वाचण्याचा, क्रमही बदलून बघा: खोटा सिग्नल क्रमाबरोबर सरकला, तर केबल निर्दोष आहे.