थ्रेडबोच्या डोहावर प्लॅटिपसची वाट पाहताना

ऑस्ट्रेलियातल्या स्नोई पर्वतरांगेत डिसेंबर-जानेवारीत मुक्काम केला, तर कांगारू पाहण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. दिवस कलला की ते गवतावर चरायला येतातच. प्लॅटिपसचं, म्हणजे बदकासारख्या चपट्या चोचीच्या, पाण्यात राहणाऱ्या सस्तन प्राण्याचं, तसं नाही. थ्रेडबो नदीत तो आहे, पण पाहायची रीत ठाऊक नसेल तर चार दिवस राहूनही हुकतो.

खळाळता प्रवाह सोडा. वळणावरचा संथ डोह, मातीचा उभा काठ, पाण्यावर झुकलेली झाडी अशी जागा शोधा. त्या मातीतच त्याचं बीळ असतं. उजाडताना किंवा सूर्यास्ताच्या तासभर आधी जाऊन बसा. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, त्यामुळे डिसेंबरात सूर्य आठनंतर मावळतो. जेवण आधीच उरकलेलं बरं.

पाण्यावर गोल तरंग उठले की नजर तिथेच ठेवा. बुडी साधारण 30 ते 60 सेकंदांची. तेवढा वेळ त्याचे डोळे, कान, नाकपुड्या सगळं मिटलेलं असतं; भक्ष्य शोधते ती चोच. तिच्या मऊ कातडीत सुमारे 40,000 विद्युत-संवेदक असतात. तळाशी अळी किंवा झिंगा हलला की त्याच्या स्नायूंतून निघणारे क्षीण विद्युत-संकेत तिला कळतात. पकडलेला घास तो गालातल्या पिशव्यांत साठवतो आणि वर येऊन दहा-पंधरा सेकंद चावत तरंगतो. प्रौढ प्लॅटिपसला दात नसतात, कठीण पट्ट्यांवरच तो खाणं रगडतो. घोळ होतो तो इथेच. तो वर असतो, त्याचे डोळे उघडे असतात, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी कॅमेरा उचलतं. काठावरून सरकायचं असेल, दुर्बीण डोळ्यांना लावायची असेल, तर तो बुडाल्यावर, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत. पावलं मात्र हलकी हवीत.

शेपटीचं टोक पांढरं दिसलं तर तो प्लॅटिपस नव्हे, रकाली नावाचा पाणउंदीर. प्लॅटिपस काठावर अडकलेला दिसला तरी हातात घेऊ नका. नराच्या मागच्या पायांवर विषारी काटा असतो आणि त्याची वेदना दिवसेंदिवस टिकते.

वॉम्बॅटची, म्हणजे बिळात राहणाऱ्या गुबगुबीत, पिशवीधारी प्राण्याची, खूण सोपी: दगडावर, ओंडक्यावर ठेवल्यासारखी चौकोनी लेंडी. आतड्याची भित्ती सगळीकडे सारखी ताणली जात नाही, म्हणून तिला कडा येतात. भर दुपारी केस झडलेला, खपल्या धरलेला वॉम्बॅट दिसला तर त्याला बहुधा खरूज झालेली असते. ती उपचाराविना जिवावर बेतते, म्हणून जागा नोंदवून वन्यजीव बचाव पथकाला लगेच कळवा.

कांगारूंना पाव घालू नका. मऊ, पिठाळ खाण्याने हिरड्यांना इजा होते, जंतुसंसर्ग जबड्याच्या हाडापर्यंत पोचतो आणि शेवटी त्याला चरताच येत नाही.

अंधार पडल्यावर गाडी शक्यतो काढूच नये. रस्त्यावर कांगारूची किंवा वॉम्बॅटची मेलेली मादी दिसली, तर तिच्या पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं. त्याने सड तोंडात धरलेला असेल तर ओढून सोडवू नका, जबडा दुखावतो. गाडी सुरक्षित बाजूला लावून बचाव पथकाला फोन करा आणि ते सांगतील तसंच करा.