पार्श्वभूमी : जोडीदाराची फसवणूक आणि कायद्याला न दिसलेली जखम

२७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने भारतीय दंडविधानाचं कलम ४९७ रद्द केलं आणि व्यभिचार हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. बऱ्याच जणांनी त्या निकालाचा अर्थ ‘आता रान मोकळं’ असा लावला. हा समज चुकीचा आहे, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. जोडीदाराला फसवण्याविरुद्ध कायदे हजारो वर्षांपासून आहेत. फसवल्या गेलेल्या माणसाचं दुःख मात्र त्यांतल्या बहुतेकांच्या विचारातही नव्हतं.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याची संहिता इसवी सनापूर्वी १८व्या शतकातली. तिच्यातलं १२९वं कलम सांगतं की परपुरुषासोबत पकडलेली पत्नी आणि तो पुरुष, दोघांना बांधून पाण्यात टाकावं. पतीने पत्नीला जिवंत ठेवलं, तर राजाही त्या पुरुषाला जीवदान देईल. म्हणजे जीव घ्यायचा की नाही हे पतीने ठरवायचं. त्याच्या पुढेच १३२वं कलम येतं. एखाद्या स्त्रीकडे लोकांनी नुसतं बोट दाखवलं, काही सिद्ध झालेलं नसलं, तरी पतीखातर तिने नदीत उडी घेऊन दिव्य करायचं. पतीने बाहेर संबंध ठेवले तर पत्नीने कुठे दाद मागायची, याचं उत्तर या कलमांत नाही. जपायची होती ती वंशाची खात्री आणि घराची मालमत्ता.

रोमचा सम्राट ऑगस्टस याने इ.स.पू. १८च्या सुमारास व्यभिचार हा सार्वजनिक गुन्हा ठरवला. पत्नीचे संबंध माहीत असूनही तिला सोडून न देणारा पतीच दलाल म्हणून आरोपी होऊ शकत असे. इतका कडक कायदा करणाऱ्या सम्राटाला इ.स.पू. २ मध्ये स्वतःच्या मुलीला, ज्युलियाला, याच आरोपावरून एका छोट्या बेटावर हद्दपार करावं लागलं. शिक्षेच्या धाकाने मोह थांबतो असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

हाच दुटप्पीपणा आधुनिक कायद्यातही उतरला. इंग्लंडच्या १८५७च्या कायद्यानुसार पत्नीचा व्यभिचार एवढं एकच कारण पतीला घटस्फोटासाठी पुरत होतं. पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. ही तफावत १९२३ पर्यंत टिकली. भारतात मेकॉलेच्या १८३७च्या मसुद्यात व्यभिचाराचा गुन्हा नव्हता, पण १८६०च्या दंडविधानात तो आला. त्यात दुसऱ्याच्या पत्नीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. मात्र तिच्या पतीची संमती असेल तर गुन्हाच होत नव्हता. आणि विवाहित पुरुषाने अविवाहित स्त्रीशी संबंध ठेवले, तर हे कलम लागूच होत नसे. त्याच्या पत्नीला तक्रारीचा अधिकार नव्हता. तरीही १९५४ आणि १९८५ मध्ये न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं होतं. २०१८ मध्ये ते गेलं, ते पत्नीला पतीची वस्तू मानत असल्यामुळे. फसवणूक क्षम्य आहे म्हणून नव्हे. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण तेव्हाही होतं, आजही आहे.

कायदा बदलत असताना मोहाचं गणितही बदललं. १४९०च्या दशकात युरोपात सिफिलिस पसरला. पुढची कित्येक शतकं बाहेरून घरी आणलेला हा आजार निरपराध पत्नीला आणि पोटातल्या मुलाला भोगावा लागला. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आलं, १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. शरीरावरची जोखीम घटली, तरी संपली मात्र नाही, हे एचआयव्हीने दोन दशकांतच दाखवलं.

मोह नेमका कुणाला होतो, याचा अभ्यास तसा अलीकडचा. ‘घरी सुख नसलं की माणूस बाहेर पाहतो’ ही सर्वमान्य समजूत. मानसशास्त्रज्ञ शर्ली ग्लास आणि थॉमस राइट यांच्या १९८५च्या पाहणीने तिला धक्का दिला. विवाहबाह्य संबंध ठेवलेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक आणि स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी आपलं लग्न सुखी असल्याचं सांगितलं होतं. मला हे निष्कर्ष फार महत्त्वाचे वाटतात, कारण ‘माझ्यातच काही कमी होतं’ या विचाराने पोळलेल्या जोडीदाराला त्यातून खरा दिलासा मिळतो. ग्लास यांच्या मते बहुतेकदा सुरुवात साध्या मैत्रीतून, सहकाऱ्याशी होणाऱ्या गप्पांतून होते. धोका सुरू होतो तो घरातल्या तक्रारी तिसऱ्या माणसाला सांगायच्या आणि त्या गप्पा घरी लपवायच्या, इथपासून.

१९८९ मध्ये डेनिस जॉन्सन आणि कॅरिल रझबल्ट या संशोधकांनी उलट प्रश्न विचारला: मोह समोर असूनही काही जण टिकतात, ते कसे? नात्याशी घट्ट बांधलेली माणसं समोरच्या आकर्षक व्यक्तीला मनातल्या मनात कमी लेखतात, असं त्यांना आढळलं. मोह जितका मोठा, तितकं हे कमी लेखणं जास्त. तेव्हा मोह न होणं हे निष्ठेचं लक्षण नव्हे. तो आल्यावर मन काय करतं, हे पाहायला हवं.

फोनने लपवाछपवी सोपी केली आणि उघडकीला येणंही. विवाहितांना चोरटे संबंध जुळवून देणारं ‘अ‍ॅश्ले मॅडिसन’ हे संकेतस्थळ जुलै २०१५ मध्ये हॅक झालं आणि ऑगस्टमध्ये तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती उघड्यावर आली. पाठोपाठ खंडणीचे ईमेल सुरू झाले. पैसे भरून खातं पुसून घेतलेल्यांचीही माहिती त्यात निघाली.

सामान्य घरात हॅकरची गरज पडत नाही. टेबलावर राहिलेला फोन उजळतो, एक ओळ दिसते. मग फसवला गेलेला माणूस मागे जाऊन तारखा जुळवू लागतो: त्या सहलीला सोबत होता तेव्हाही हे चालू होतं का, आजारपणात उशाशी बसली होती तेव्हाही? झोप उडते, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतात, दाराच्या आवाजानेही छातीत धस्स होतं. मोठ्या आघातातून गेलेल्या माणसांत दिसतात तशीच ही लक्षणं असल्याचं ग्लास यांनी नोंदवलं. त्यांच्या अनुभवात सर्वाधिक हानी करत होतं ते पकडलं गेल्यावर थोडं थोडं, तुकड्यातुकड्यांनी दिलेलं सत्य. प्रत्येक नव्या तुकड्याबरोबर आधीची कबुलीही खोटी ठरते आणि जोडीदाराचा तारखा जुळवण्याचा खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.