हायब्रीड की इलेक्ट्रिक? आधी रात्री गाडी कुठे उभी राहते ते सांगा

माझ्या मामांनी गाडी घेतली तेव्हा पेढ्यांचा पुडा हातात ठेवत म्हणाले, "हायब्रीड घेतली रे, आता पेट्रोलचा खर्च निम्म्यावर." सहा महिन्यांनी विचारलं तर चेहरा उतरलेला. शहरात ॲव्हरेज तेराच्या वर जाईना. गाडीत बिघाड काहीच नव्हता. शोरूममधल्या मुलाने "हायब्रीड" म्हटलं होतं आणि शब्दाला धरून बोलायचं तर तो खोटंही बोलला नव्हता. गाडी माइल्ड हायब्रीड होती, आणि मामांच्या मनात होती ती स्ट्रॉंग हायब्रीड. तेव्हापासून कुणीही "हायब्रीड घेऊ की इलेक्ट्रिक?" असं विचारलं की मी आधी विचारतो, कुठली हायब्रीड?

नावांचा गोंधळ दोन प्रश्नांत सुटतो. पहिला, इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवर गाडी चालते का? दुसरा, तिला प्लग लावता येतो का?

माइल्ड हायब्रीडसाठी दोन्हींचं उत्तर "नाही" असं आहे. तिच्यात इंजिनाला पट्ट्याने जोडलेला जरा दांडगा स्टार्टर-जनरेटर असतो. सिग्नलला इंजिन बंद करणं, पुन्हा झटक्यात सुरू करणं, पिकअप घेताना थोडा हात देणं, एवढंच त्याचं काम. चाकं फिरवतं ते इंजिनच. स्ट्रॉंग हायब्रीडला पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. इलेक्ट्रिकला दोन्ही हो, कारण तिच्यात इंजिनच नाही. मधे प्लग-इन हायब्रीड नावाचा चौथा प्रकार आहे, पण आपल्याकडे तो मोजक्या महागड्या गाड्यांतच मिळतो, म्हणून इथे बाजूला ठेवतो.

यातला दुसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. स्ट्रॉंग हायब्रीडमध्ये कितीही मोठी मोटर असो, तिला लागणारा ऊर्जेचा कण न् कण शेवटी पेट्रोल पंपावरूनच आलेला असतो. ब्रेक लावताना बॅटरीत परत येते तीही आधी जाळलेल्या पेट्रोलचीच वाचवलेली ऊर्जा. म्हणजे ती पेट्रोलचीच गाडी, फक्त अतिशय काटकसरी. "सेल्फ-चार्जिंग" या शब्दाने अनेकांना वाटतं की ती वीज कुठून तरी फुकट आणते. तसं काही नसतं.

पण ती काटकसर कमाल असते, हेही तितकंच खरं. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडर यांच्या स्ट्रॉंग हायब्रीड प्रकारात बसून शहरातून एक चक्कर मारा. पायडलवरचा पाय उचललात की दीड लिटरचं इंजिन गप्प होतं. सिग्नलपर्यंत गाडी सरकत जाते, स्क्रीनवर चाकांकडून बॅटरीकडे बाण वळतो. सिग्नल सुटला की मोटरवरच निघते. तीसच्या वेगाला कुठेतरी इंजिन हलकेच जागं होतं; लक्ष देऊन ऐकलं तरच कळतं. एसी चालू असताना सिग्नल लांबला तर उभ्या गाडीतही इंजिन मिनिटभर सुरू होऊन बॅटरी भरून घेतं. या गाड्यांचा चाचणीतला आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. रस्त्यावर तो जसाच्या तसा मिळत नाही, पण वीसच्या आसपास मिळणं अवघड नाही. गंमत म्हणजे साधी पेट्रोल गाडी जिथे सगळ्यांत जास्त पिते त्या बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्येच हायब्रीड सगळ्यांत जास्त वाचवते. हायवेला एका वेगात शंभरने चाललात की हा फायदा बराच आटतो.

या गाडीची बॅटरी केवढी असते? ०.७६ युनिट. घरच्या मीटरवर मोजतो तेच युनिट, एक किलोवॉट-तास. खंडाळ्याचा घाट उतरताना हे छान कळतं. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत पाचशे मीटरहून जास्त उतरण आहे. तेराशे किलोची गाडी पाचशे मीटर उतरते तेव्हा हिशेबाने पावणेदोन युनिट ऊर्जा मोकळी होते. थोडी वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते, तरी उरते ती या बॅटरीत मावण्यासारखी नसते. म्हणून घाट अर्धा उरलेला असतानाच बॅटरी भरलेली दिसते आणि पुढची उतरण गाडी इंजिनाच्या अटकावावर उतरते. इलेक्ट्रिक गाडीच्या ३० ते ८० युनिटच्या बॅटरीला हा घाट म्हणजे घोटभर पाणी. सगळं पिऊन ती खोपोलीला एक-दोन टक्के वर दाखवते. फक्त लोणावळ्यात शंभर टक्के भरून निघू नका, वरून घ्यायला जागाच उरत नाही.

आता पैशाचं बोलू. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरा. साधी पेट्रोल गाडी शहरात तेरा देत असेल तर किलोमीटरला आठ रुपये. वीस देणारी स्ट्रॉंग हायब्रीड सव्वापाच रुपयांच्या आत. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला साडेसहा किलोमीटर जाते असं धरलं आणि घरची वीज दहा रुपये युनिट पडली, तर दीड रुपया. पण तीच गाडी रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर वीस-बावीस रुपये युनिटने भरली तर सव्वातीन रुपयांच्या घरात जाते. म्हणजे घरी चार्ज करणाऱ्याची इलेक्ट्रिक आणि बाहेर चार्ज करणाऱ्याची इलेक्ट्रिक या खर्चाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या आहेत. हा फरक शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही.

हायब्रीडचं गणित वेगळ्या जागी अडतं. ती त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल प्रकारापेक्षा लाख-दोन लाखांनी तरी महाग पडते. वरच्या आकड्यांनी दर दहा हजार किलोमीटरमागे अठ्ठावीस हजार रुपये वाचतात. दोन लाख वसूल व्हायला सत्तर हजार किलोमीटर लागले. रोज साठ किलोमीटर कापणाऱ्याला ते तीन-साडेतीन वर्षांत जमेल. रविवारी मंदिरात आणि सुट्टीत गावी जाणाऱ्याचं आयुष्य जाईल.

म्हणून माझा सगळा भर रात्री गाडी कुठे उभी राहते यावर आहे. स्वतःच्या नावाचं पार्किंग आणि तिथवर येणारी स्वतःच्या मीटरची तार, एवढं असेल तर वादच उरत नाही. त्यासाठी महागडा चार्जरही लागत नाही. गिझरसाठी असतो तसला १६ अँपिअरचा पॉइंट तासाला तीनएक युनिट देतो. रोजचे चाळीस किलोमीटर म्हणजे सहा युनिट. रात्री अकराला लावली की दीडपर्यंत काम झालं. लोक रेंजची, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाईल याची, चिंता करतात, पण पेट्रोल पंप कधी रोज सकाळी दारात येऊन टाकी भरून जातो का? घरच्या घरी चार्ज करणाऱ्याला तेच सुख मिळतं.

आणि जुन्या वाड्यात, रस्त्याच्या कडेला, भाड्याच्या फ्लॅटखाली "जो आधी येईल त्याची जागा" अशा पार्किंगमध्ये राहणाऱ्यांचं काय? शहरांत अशीच माणसं जास्त आहेत. त्यांना आठवड्यातून दोनदा मॉलच्या किंवा पंपाच्या चार्जरवर तासभर बसायला सांगणं मला पटत नाही. सुरुवातीचा उत्साह ओसरला की तो तास जड होतो. अशा घरी स्ट्रॉंग हायब्रीड ही पूर्ण शहाणपणाची निवड आहे, तिला "अर्धवट गाडी" म्हणून हिणवण्याचं कारण नाही.

आपल्या बाजाराची एक खूण या सगळ्यामागे आहे. श्रीमंत देशांत इलेक्ट्रिक बहुधा घरातली दुसरी गाडी म्हणून आली. आपल्याकडे घरात गाडी एकच, तीही कित्येकांची पहिली. तिने ऑफिसला जायचं, आजीला दवाखान्यात न्यायचं आणि गणपतीला कोकणातही जायचं. मुंबईहून सावंतवाडी पाचशे किलोमीटरच्या आसपास. चाचणीत साडेचारशेची रेंज असलेली गाडी सामानासुमानासकट, एसी लावून तीनशेच्या आसपास जाते. एरवी वाटेत जेवायला थांबता थांबता पाऊण तास चार्जिंग होऊन जातं. पण गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री, सगळा मुंबईकर एकाच रस्त्यावर असताना, एका चार्जरवर तुमच्या पुढे चार गाड्या असल्या तर? वर्षातल्या ३६० दिवसांसाठी एक गाडी बरोबर आणि पाच दिवसांसाठी दुसरी. मी ३६० दिवसांचा विचार करून गाडी घ्या म्हणेन, पण ज्यांच्या घरी ते पाच दिवसच वर्षाचा कणा आहेत त्यांची अडचण मला कळते.

प्रदूषणाच्या मुद्द्यावर दोन्ही बाजू अर्धंच सांगतात. आपली वीज अजूनही पाऊणएक कोळशातून येते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या हिशेबाने एका युनिटमागे ०.७ किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. शंभर किलोमीटरला पंधरा युनिट धरले तर अकरा किलोच्या आसपास, तारांमधली गळती मिळवली तर बारा-तेरा. हायब्रीडचे पाच लिटर पेट्रोल जळताना साडेअकरा किलो सोडतात, त्यात तेलशुद्धीकरण आणि टँकरची वाहतूक धरली की तेही तेरा-चौदावर जातं. म्हणजे आजघडीला जवळपास बरोबरी. साधी पेट्रोल गाडी मात्र याच मोजणीने वीसच्या पुढे. मला वाटतं फरक पुढच्या दहा वर्षांत पडेल. आज घेतलेली हायब्रीड दहाव्या वर्षीही लिटरमागे तेवढाच धूर सोडेल. इलेक्ट्रिकच्या प्लगमागची वीज मात्र सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढेल तशी स्वच्छ होत जाईल, गाडीला हात न लावता. शिवाय चौकात, शाळेच्या दाराशी, लहान मुलांच्या नाकाच्या उंचीवर जो धूर असतो तो इलेक्ट्रिक आजच शून्यावर आणते. मला हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा जवळचा आहे.

हायब्रीडवाल्यांचा सगळ्यांत तगडा युक्तिवाद बॅटरीच्या वाटपाचा. ४५ युनिटच्या एका इलेक्ट्रिक बॅटरीतून ०.७६ युनिटच्या ५९ हायब्रीड बॅटऱ्या होतात. एक इलेक्ट्रिक दहा हजार किलोमीटरमध्ये ७७० लिटर पेट्रोल वाचवेल. एकोणसाठ हायब्रीड प्रत्येकी २७० लिटरने मिळून सोळा हजार लिटरच्या घरात. बॅटऱ्यांचा तुटवडा असता तर या हिशेबापुढे मी हात टेकले असते. पण २०१० च्या सुमारास एका युनिटमागे हजार डॉलरच्या पुढे असलेला बॅटरीचा भाव २०२४ मध्ये सव्वाशे डॉलरच्या आत आला. तुटवडा बॅटरीचा राहिला नाही, तो प्लगचा आणि पार्किंगचा आहे.

सरकारने मात्र आपला कौल करातून दिला आहे. इलेक्ट्रिकवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्के झाला. चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडवर सेस धरून ४३ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला. ऐकायला कपात वाटते. पण आधी त्याच लांबीच्या पेट्रोल गाडीवर सेस जास्त होता, आता तीही ४० टक्क्यांतच आली. म्हणजे एक तृतीयांश पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला जी थोडीशी सवलत होती, तीही पुसली गेली. हे मला मनापासून खटकतं. कर गाडीच्या लांबीवर लावण्यापेक्षा ती किलोमीटरला किती इंधन जाळते यावर लावायला हवा. मग इलेक्ट्रिक आपोआप सर्वांत खाली, स्ट्रॉंग हायब्रीड मधे आणि माइल्ड हायब्रीड पेट्रोलच्या शेजारी आपल्या जागी बसेल. इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या २०१५ च्या फेम योजनेत माइल्ड हायब्रीडलाही पैसे मिळत होते. ते बंद व्हायला २०१७ उजाडलं.

कंपन्यांची भांडणं आपल्या कामाची नाहीत. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशने स्ट्रॉंग हायब्रीडची नोंदणी करमुक्त केली तेव्हा इलेक्ट्रिकमध्ये पैसा घातलेल्या कंपन्या नाराज झाल्या आणि हायब्रीड विकणाऱ्या खूश, ज्याचं त्याचं दुकान. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना वाहन करात सूट दिली आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवर टोलमाफी. हायब्रीडला यातलं काही नाही. नेहमी मुंबई-पुणे करणाऱ्याने हा टोल हिशेबात धरायलाच हवा.

मामांची ती गाडी अजून आहे. परवा त्यांचा फोन आला, आता बदलायची म्हणतायत. मी म्हटलं, मामा, गाडीचं नाव नंतर सांगा, आधी वायरमनला बोलवा. मीटरच्या खोलीपासून त्यांच्या पार्किंगपर्यंत तार किती लागेल ते मोजायला सांगितलंय. अडतीस मीटर भरली. सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिलाय, त्यावर येत्या बैठकीत बोलणं होईल. परवानगी मिळाली तर इलेक्ट्रिक, नाही मिळाली तर स्ट्रॉंग हायब्रीड. कॅटलॉग त्यांनी दोन्हींचे आणून ठेवलेत.